पुढच्या तीन स्पीकरना वेगवेगळे अ‍ॅम्प चालतील का? होम थिएटरमधली अ‍ॅम्पची जुळणी

मंद्रसप्तक

मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज स्वतःचा प्रश्न घेऊन आलोय. लांबेल जरा, पण सगळी माहिती एकदाच देतो म्हणजे परत परत विचारायला नको.

खोली साधारण साडेचार मीटर लांब, बसायची जागा पडद्यापासून ३ मीटरवर. मांडणी ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर (अगदी खालच्या सुरांचा स्पीकर). रिसीव्हर (आतच अ‍ॅम्प असलेलं मुख्य यंत्र) सात चॅनेलचा. पत्रकावर ९० वॉट, ८ ओहम, दोन चॅनेल चालू असताना, असं लिहिलंय. मागे सगळ्या चॅनेलचे प्री-आऊट (बाहेरचा अ‍ॅम्प जोडायची भोकं) आहेत. पुढचे डावा-उजवा उंच उभे स्पीकर, ४ ओहम, संवेदनशीलता (ठरावीक सिग्नलला किती मोठा वाजतो तो आकडा) ८६ डेसिबल. सेंटर, म्हणजे मधला संवादांचा स्पीकर, त्याच मालिकेतला, ६ ओहम. मागचे दोन लहान, ८ ओहम. सबवूफर स्वतःच्या अ‍ॅम्पसकट.

गाणी ऐकण्यासाठी पूर्वी घेतलेला दोन चॅनेलचा १५० वॉटचा पॉवर अ‍ॅम्प घरात पडून होता. परवा तो प्री-आऊटला जोडून डावा-उजवा त्यावर टाकले, सेंटर आणि मागचे रिसीव्हरवरच ठेवले. डावा-उजवा एकदम खुलले. पण आता वेगळंच दुखणं सुरू झालंय. पडद्यावर गाडी डावीकडून उजवीकडे गेली की मधे तिचा आवाज पातळ होतो आणि पुन्हा भरतो. संवाद मागच्या खोलीतून आल्यासारखे वाटतात.

म्हणजे दोन अ‍ॅम्पचा पोत जुळत नाही, असं मी समजतो. तोच अ‍ॅम्प आणखी एक घ्यावा तर तो आता बनत नाही. हा विकून तीन चॅनेलचा नवा घेऊ? की पाचही चॅनेल एकाच अ‍ॅम्पवर नेऊ?

तिसरी घंटा

अगदी हाच प्रश्न माझ्याही डोक्यात आहे. वाचनखूण साठवली.

जुना रेडिओ

माझं मत स्पष्ट आहे: पुढचे तीन एकाच अ‍ॅम्पवर. मी हे अनुभवाने सांगतोय. माझ्याकडे डावा-उजवा व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पवर होते आणि सेंटर ट्रान्झिस्टरच्या. तिन्ही स्पीकर एकाच मालिकेतले. पातळी मीटर लावून जुळवली, अंतरं टेपने मोजून भरली, तरी माणूस पडद्यावर चालत मधे आला की त्याचा गळाच बदलायचा. वर्षभर खटपट करून शेवटी तिन्ही एका तीन चॅनेलच्या अ‍ॅम्पवर नेले आणि त्या दिवशी तो विषय संपला. मागच्या दोघांना काहीही लावा, पुढे तडजोड नको.

ओहमकार

मंद्रसप्तक, काही विकण्याआधी एक सांगा. जुना अ‍ॅम्प जोडल्यावर रिसीव्हरचं कॅलिब्रेशन, म्हणजे माइक लावून करतो ते, पुन्हा केलंत का?

मंद्रसप्तक

नाही. स्पीकर तेच, जागा तीच, म्हणून गरज वाटली नाही.

ओहमकार

मग पोतावर बोलण्याआधी पातळीवर बोलू.

प्रत्येक पॉवर अ‍ॅम्पला ठरावीक गेन असतो. आत आलेला व्होल्टेज तो किती पट करून बाहेर देतो, तो आकडा. घरगुती आणि व्यावसायिक अ‍ॅम्पमध्ये तो साधारण २६ ते ३२ डेसिबलच्या दरम्यान सापडतो. टीएचएक्स या सिनेमाच्या आवाजाची यंत्रं प्रमाणित करणाऱ्या कंपनीने आपल्या प्रमाणित अ‍ॅम्पसाठी २९ डेसिबल धरला: १ व्होल्ट आत, २८.३ व्होल्ट बाहेर, म्हणजे ८ ओहमवर बरोबर १०० वॉट. तुमच्या रिसीव्हरच्या आतल्या अ‍ॅम्पचा गेन एक, जुन्या अ‍ॅम्पचा दुसरा. तुम्ही जुना अ‍ॅम्प मधे घातलात पण ट्रिमचे (प्रत्येक स्पीकरची पातळी कमीजास्त करायचे) आकडे आधीचेच राहिले. फरक ३ डेसिबलचा असेल तर डावा-उजवा सेंटरपेक्षा तेवढे वर गेले. कानाला एवढा फरक 'मोठा आवाज' असा कळत नाही, तो 'भरदार' आणि 'पातळ' असा कळतो. तुम्ही वापरलेत ते शब्द नेमके हेच आहेत.

वॉट आणि गेन यांचा परस्परसंबंध नाही, हेही इथेच सांगतो, कारण यात फार गोंधळ होतो. २०० वॉटचा अ‍ॅम्प १०० वॉटच्या अ‍ॅम्पपेक्षा आपोआप मोठा वाजत नाही. व्हॉल्यूम तेवढाच ठेवला तर गेन जास्त असलेला मोठा वाजतो, मग तो ५० वॉटचा का असेना. वॉट हा फक्त वरचा अडसर: तो कुठवर न फाटता जाईल, एवढंच सांगतो.

आणि जुना रेडिओ, तुमचा अनुभव मी जराही नाकारत नाही. पण त्याचं कारण व्हॉल्व्हमध्ये आहे. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पची आउटपुट इंपीडन्स (बाहेरच्या टोकाचा विद्युत अडथळा) बहुधा एक-दोन ओहमच्या घरात असते, ट्रान्झिस्टरची त्याच्या शेकडा एक-दोन टक्के. स्पीकरची इंपीडन्स सुरागणिक वरखाली होते, कुठे ४ ओहम तर कुठे २०. आउटपुट इंपीडन्स जास्त असली की स्पीकरचा हा चढउतार जसाच्या तसा आवाजात उमटतो, काही पट्ट्यांत एक-दीड डेसिबलसुद्धा. तो खरोखर पोतातला फरक आहे, आणि पातळीचा मीटर लावून तो जाणार नाही, कारण मीटर सगळ्या सुरांची एकत्र बेरीज दाखवतो. तेव्हा तुमच्या बाबतीत तिन्ही एका अ‍ॅम्पवर नेणं हाच उपाय होता. मंद्रसप्तकांचे दोन्ही अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचे असतील तर हे कारण त्यांना लागू नाही.

जुना रेडिओ

हे कारण मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मान्य. पण मग जुन्या क्लास डी (वीज झपाट्याने चालू-बंद करून चालणाऱ्या) अ‍ॅम्पचं काय? त्यांच्याबद्दलही मी 'स्पीकर बदलला की स्वभाव बदलतो' असं ऐकलंय.

ओहमकार

बरोबर ऐकलंय. क्लास डीमध्ये शेवटी कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर असतो. पूर्वीच्या बऱ्याच रचनांत फीडबॅक (चूक सुधारायला परत आत नेलेला सिग्नल) त्या फिल्टरच्या आधीच घेतला जायचा, त्यामुळे ४ ओहमचा स्पीकर लावला की वरच्या पट्टीत उतार आणि ८ ओहमचा लावला की चढ. फीडबॅक फिल्टरच्या नंतर घ्यायला लागल्यापासून हा दोष जवळपास गेला. अभियंते ब्रुनो पुट्झेस यांनी फिलिप्समध्ये असताना केलेली यूसीडी ही रचना त्यातलं मोठं पाऊल, पुढे हायपेक्स कंपनीचं एनकोर आलं. आज चांगल्या मॉड्यूलवरचा क्लास डी आणि चांगला क्लास एबी (नेहमीच्या पारंपरिक रचनेचा) शेजारी ठेवायला मला अजिबात भीती वाटत नाही. अगदी स्वस्त चिपवरचा मात्र पुढच्या तिघांत मिसळू नका.

खर्ज

ओहमकारांशी सहमत. मी स्वतः पुढच्या तिघांना दोन वेगवेगळ्या बनावटींचे अ‍ॅम्प लावून तीन वर्षं ऐकतेय. मापायची रीत सांगते, साध्या मल्टिमीटरवर होते.

२०० हर्ट्झच्या साइन टोनची फाइल घ्या, आधी फक्त डाव्या, मग सेंटर, मग उजव्या चॅनेलवर वाजणारी. लोक ५० किंवा ६० हर्ट्झ घेतात, कारण मल्टिमीटर तिथे सर्वांत अचूक असतो. पण आपल्या रिसीव्हरमध्ये ८० हर्ट्झचा क्रॉसओव्हर (त्याखालचे सूर सबवूफरकडे वळवणारी सीमा) लावलेला असतो, त्यामुळे तो टोन सबवूफरकडे पळतो आणि आकडे चुकतात. २०० हर्ट्झला बहुतेक मीटर ठीक वाचतात. रिसीव्हरची खोली-दुरुस्ती (खोलीप्रमाणे आवाज आपोआप बदलायची सोय) बंद करा, सगळे ट्रिम शून्यावर आणा, व्हॉल्यूम बेताचा ठेवा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. तिन्ही आकडे लिहून घ्या, मधे व्हॉल्यूमला हात लावायचा नाही. दोन्ही टोकं मीटरच्या पिनांनी एकमेकांना चिकटणार नाहीत एवढी काळजी घ्या, शॉर्ट झालं तर अ‍ॅम्प जाईल.

१२ टक्के व्होल्टेज जास्त म्हणजे १ डेसिबल, ४१ टक्के म्हणजे ३ डेसिबल, दुप्पट म्हणजे ६.

जुना रेडिओ

एक भर घालतो. काही जण शांतता हवी म्हणून स्पीकर काढून रिकाम्या टर्मिनलवर मोजतात. ट्रान्झिस्टरला ते चालतं. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प मात्र स्पीकरशिवाय कधीही चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

तिसरी घंटा

मधेच विचारतो. आधी अ‍ॅम्पची ताकद बघायची की जुळणी? मंद्रसप्तकांच्या रिसीव्हरचे ९० वॉट पुरे आहेत की नाहीत तेच कळत नाहीये.

ओहमकार

चांगला प्रश्न. त्यांच्याच आकड्यांवर करून बघू.

८६ डेसिबल ही संवेदनशीलता २.८३ व्होल्टला, १ मीटरवर. ८ ओहमच्या स्पीकरसाठी २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॉट, पण ४ ओहमसाठी ते २ वॉट होतात. तेव्हा हा स्पीकर वॉटमागे ८३चाच आहे. पत्रकात हे कुणी ठळक लिहीत नाही. आपण हिशेब व्होल्टेजमध्येच करू: ३ मीटरवर बसलं की ८६मधून साडेनऊ डेसिबल वजा. उरले ७६.५. खोलीच्या भिंती यात थोडी भर घालतात, पण ती सोडून देऊ.

सिनेमागृहाच्या मापाने पाहिलं तर एका चॅनेलचा कमाल शिखर आवाज १०५ डेसिबल. घरात इतका मोठा फार थोडे लोक लावतात. त्यापेक्षा १० खाली, म्हणजे ९५चं शिखर धरू. ७६.५ वरून ९५ म्हणजे १८.५ डेसिबलची चढण, व्होल्टेजमध्ये ८.४ पट. २.८३ गुणिले ८.४ म्हणजे जवळपास २४ व्होल्ट.

९० वॉट, ८ ओहम म्हणजे २६.८ व्होल्ट. तेव्हा व्होल्टेज रिसीव्हरकडे आहे! अडचण आहे ती करंटची. ४ ओहमवर २४ व्होल्ट म्हणजे ६ अँपिअर, १४० वॉटच्या वर. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या मानकाप्रमाणे स्पीकरची किमान इंपीडन्स नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे इथे ३.२ ओहम, तिथे साडेसात अँपिअर लागतात. बरेच स्पीकर तो नियमही पाळत नाहीत. आणि रिसीव्हरमध्ये सात चॅनेलना मिळून एकच ट्रान्सफॉर्मर असतो. दोन चॅनेलला ९० देणारं यंत्र पाचांना ९० देईलच असं नाही, बहुतेकदा देत नाही.

म्हणून मंद्रसप्तकांनी केलेली जोडणी मला मुळात योग्यच वाटते. सर्वांत जड दोन स्पीकर बाहेरच्या अ‍ॅम्पवर गेले, आणि रिसीव्हरचा सगळा ट्रान्सफॉर्मर सेंटर व मागच्या दोघांसाठी मोकळा झाला. ८० हर्ट्झच्या खालचं ओझं सबवूफर उचलतोय ते वेगळं.

जाता जाता: पत्रक वाचताना वॉटच्या शेजारची ओळ वाचा. '१ किलोहर्ट्झ, ६ ओहम, १० टक्के विकृती, एक चॅनेल' आणि '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ८ ओहम, ०.०८ टक्के, दोन चॅनेल' हे दोन वेगळेच आकडे आहेत, जरी दोन्हीकडे १५० लिहिलं असलं तरी. वॉटच्या जाहिरातींतली ही मोकाट फुगवाफुगवी आवरायला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ मध्ये नियम करावा लागला होता.

तिसरी घंटा

आता कळलं. माझ्याकडे उलटा प्रकार होता तो सांगतो, कुणाला उपयोग होईल. मी मागच्या दोन स्पीकरना एक लहान वेगळा अ‍ॅम्प लावला, त्याला सिग्नल आला की आपोआप चालू आणि थोडा वेळ काही आलं नाही की बंद, अशी सोय होती. सोय म्हणून बरी वाटली. पण सिनेमात मागचे स्पीकर दहा-दहा मिनिटं गप्प असतात! शांत प्रसंगानंतर मागून पाऊस सुरू व्हायचा तेव्हा पहिले दोन सेकंद काहीच नाही, मग 'टक्' करून एकदम पाऊस. मी महिनाभर फाइलला दोष देत होतो. मग रिसीव्हरच्या १२ व्होल्ट ट्रिगरची वायर अ‍ॅम्पला जोडली, आता रिसीव्हर चालू तोवर अ‍ॅम्प जागा. वेगवेगळे अ‍ॅम्प घेणाऱ्यांनी मागे ट्रिगरचं भोक आहे का ते नक्की बघा.

खर्ज

हे फार महत्त्वाचं. मी आणखी तीन गोष्टी भोगल्यात, त्याही लिहून टाकते.

पहिली हम. दुसरा अ‍ॅम्प जोडला की बऱ्याच घरांत घुंई सुरू होते. दोन यंत्रं दोन वेगळ्या सॉकेटवरून अर्थिंग घेतात, मधे सिग्नलची वायर, आणि त्या वेटोळ्यातून करंट फिरतो. सगळं एकाच सॉकेटच्या पट्टीवर आणा. तरी राहिली तर टीव्हीची केबल काढून बघा. बऱ्याचदा हम तिथूनच येते. नाहीच गेली तर सिग्नलच्या वायरवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. कुणी प्लगची अर्थची पिन काढायला सांगेल. हम जाईलही, पण यंत्राच्या पत्र्याला कधी वीज उतरली तर ती तुमच्यातून जाईल. हे कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून करू नका.

दुसरी एक्सएलआर आणि आरसीए या दोन प्रकारच्या सिग्नल-जोडण्यांची मिसळ. काही यंत्रांत एक्सएलआरवर आरसीएच्या दुप्पट व्होल्टेज येतं, म्हणजे ६ डेसिबल. सेंटर एकावर आणि डावा-उजवा दुसऱ्यावर असेल तर एवढी तफावत आधीच तयार होते. ट्रिममध्ये भरून निघते, पण ट्रिमची धाव साधारण अधिक-उणे १२ डेसिबलच असते. ती अशीच खर्ची पडू देऊ नका.

तिसरी, व्यावसायिक अ‍ॅम्पमधला डीएसपी (सिग्नल आकड्यांत बदलून त्यावर काम करणारी चिप). सिग्नल डिजिटल करून पुन्हा अ‍ॅनालॉग करण्यात एक-दोन मिलिसेकंद जातात. १ मिलिसेकंदात आवाज ३४ सेंटिमीटर जातो, त्यामुळे तो स्पीकर जणू तेवढा मागे सरकतो. कॅलिब्रेशन पुन्हा केलं की रिसीव्हर अंतराचा आकडा वाढवून हे सांभाळतो. म्हणून सेंटरचं अंतर टेपने मोजल्यापेक्षा जास्त दाखवलं तर घाबरून ते 'दुरुस्त' करू नका. आणि पंखा! दालनासाठी बनवलेल्या अ‍ॅम्पचा पंखा शांत प्रसंगात बसल्या जागी ऐकू येतो. माझा मी खोलीबाहेरच्या कपाटात ठेवलाय.

मंद्रसप्तक

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सकाळभर बसून खर्जताईंच्या रीतीने मोजलं. आकडे असे: सेंटर (रिसीव्हर) २.०० व्होल्ट. डावा (जुना अ‍ॅम्प) २.८३. उजवा (तोच जुना अ‍ॅम्प) २.२२.

दोनदा मोजलं, वायर बदलून मोजलं. डावा-उजवा एकाच अ‍ॅम्पवर असून इतके वेगळे का?

ओहमकार

डावा सेंटरपेक्षा ३ डेसिबल वर, उजवा जेमतेम ०.९. दोघांत २.१चा फरक. अ‍ॅम्पच्या मागे किंवा पुढे प्रत्येक चॅनेलचं वेगळं गेनचं बटण आहे का?

मंद्रसप्तक

आहे. मागे, खाली कोपऱ्यात, दोन छोटी बटणं. उजवं पूर्ण उघडलेलं नव्हतं. पूर्वीच्या घरात उजवा स्पीकर भिंतीला चिकटून होता आणि मीच ते कमी केलं होतं, आता आठवलं.

दोन्ही पूर्ण उघडली. आता डावा २.८३, उजवा २.८१. मग रिसीव्हरचं कॅलिब्रेशन सुरुवातीपासून केलं. ट्रिम असे आले: डावा उणे ४, उजवा उणे ४, सेंटर उणे १.५, मागचे अधिक १ आणि अधिक १.५.

फरक ऐकून मी स्तब्धच झालो. गाडी आता पडद्यावरून सलग जाते. मी ज्याला दोन अ‍ॅम्पची न जुळणारी जात समजत होतो तो निव्वळ पातळीचा फरक होता, आणि बरीच मोठी विजोड तर एकाच अ‍ॅम्पच्या दोन चॅनेलमध्येही होती.

संवाद मात्र अजून जरा कोंदट आहेत. आधीसारखे लांब नाहीत, पण डाव्या-उजव्याइतके मोकळेही नाहीत. हे आता अ‍ॅम्पचं असेल का?

जुना रेडिओ

सेंटर ठेवलाय कुठे?

मंद्रसप्तक

टीव्हीखालच्या फळीवर, कप्प्यात. पुढून दहा-बारा सेंटिमीटर आत असेल.

जुना रेडिओ

तिथेच आहे ते. वरची आणि खालची फळी मिळून बोगदा होतो, आवाज बाहेर पडायच्या आधी फळीवर आपटतो. स्पीकरचं तोंड फळीच्या कडेशी आणा, एखादा सेंटिमीटर पुढे आलं तरी चालेल. खाली रबराचे तुकडे देऊन पुढची बाजू थोडी वर उचला, म्हणजे तो तुमच्या कानांकडे बघेल, गुडघ्यांकडे नाही. मग कॅलिब्रेशन पुन्हा.

माझं पहिलं उत्तर मी मागे घेतो. तुम्हाला तीन चॅनेलचा अ‍ॅम्प घ्यायला लावला असता आणि सेंटर त्याच बोगद्यात राहिला असता.

तिसरी घंटा

मंद्रसप्तक, एक शंका. उणे ४ ट्रिम म्हणजे जुन्या अ‍ॅम्पची ताकद वाया जात नाही का?

ओहमकार

नाही. ट्रिमने आत जाणारा सिग्नल कमी होतो, अ‍ॅम्पची कमाल मर्यादा तिथेच राहते. व्हॉल्यूम चार डेसिबल वर नेला की तीच ताकद मिळते. उलट गेन फार कमी असलेल्या अ‍ॅम्पची काळजी करावी लागते. २०० वॉट, ८ ओहम म्हणजे ४० व्होल्ट. गेन २६ डेसिबल, म्हणजे २० पट असेल तर प्री-आऊटमधून स्वच्छ २ व्होल्ट यायला हवेत. २९ असेल तर १.४ पुरतात. काही रिसीव्हर दीड व्होल्टच्या आसपासच कुरकुरायला लागतात. मग अ‍ॅम्प थंड, आणि आवाज मात्र फाटलेला. मंद्रसप्तकांचा गेन हिशेबाने ३० डेसिबलच्या पुढेमागे असावा, त्यांना ही भीती नाही. गेन जास्त असल्याची एकच किंमत: शांततेत ट्विटरजवळ कान नेला तर सूं ऐकू येईल. बसायच्या जागेवर येते का?

मंद्रसप्तक

ट्विटरपासून हातभर अंतरापर्यंत येते, पुढे नाही.

सेंटर कडेवर आणला, पुढून दोन सेंटिमीटर उचलला. काल रात्री घरातली सगळी मिळून एक सिनेमा पूर्ण पाहिला. आई एरवी दर पाच मिनिटांनी 'काय म्हणाला तो?' विचारते. काल एकदाच विचारलं, आणि ते पात्र खरंच पुटपुटलं होतं.

अ‍ॅम्प विकत नाही, नवा घेत नाही. फक्त १२ व्होल्टची ट्रिगर वायर आणतोय. आणि रिसीव्हर दोन तासांनी वरून बराच गरम लागत होता. वर टीव्हीची फळी ८ सेंटिमीटरवर आहे. पुरे आहे का?

खर्ज

कमी वाटतं. डावा-उजवा बाहेर गेल्यामुळे तो आधीपेक्षा थंड चालेल, तरी किमान १५ ठेवा, आणि कप्प्याची मागची बाजू उघडी असू द्या. सेंटर बाहेर काढलाच आहे, तर मागच्या फळीला भोकं पाडायला आता हात सहज पोचेल.